मौनाचे सीमोल्लंघन



सुबुद हा शब्द आपल्या कानांवरून गेला नसेल. गेला तरी तो कुठल्या तरी परक्या भाषेतला आहे असे वाटून आपण सोडून दिला असेल. पण त्याची फोड केली म्हणजे गंमत दिसते. सुशील, बुद्धि आणि धर्म या तीन शब्दांची पहिली अक्षरे घेऊन तो तयार झाला आहे. हे तिन्ही शब्द आपल्या प्राथमिक शाळेतले पोरही वाचील. मात्र ज्या चळवळीचे हे नाव आहे, ती हिंदुस्थानात जन्मलेली नाही. तिचा जन्म जावा बेटावर झाला. जावा म्हणजे आजच्या इंडोनेशियाचे मुख्य बेट. तिथली वस्ती बहुतांशी मुसलमान आहे, आणि तरीही तिथे रात्र रात्र सावल्यांच्या बाहुल्यांचे खेळ चालतात आणि त्यांत अर्जुन-भीमाच्या कथा रंगतात. अशा मिश्र मातीत मुहंमद सुबुह नावाचा माणूस १९०१ साली जन्मला. तो ना मठाधिपती होता, ना मोठा पंडित. हिशेबाची कारकुनी करणारा साधा गृहस्थ. १९२५ च्या सुमारास एका रात्री रस्त्याने जात असता आपल्यावर प्रकाशाचा गोळा उतरला, अंग थरथरू लागले आणि आपोआप प्रार्थना सुरू झाली, असा अनुभव त्याने सांगितला. पुढे अनेक रात्री हेच घडत राहिले. भोवती माणसे जमली. १९४७ मध्ये जोगजकार्ता शहरात या मंडळींनी रीतसर संस्था काढली.

त्यांची साधना मोठी विलक्षण आहे. आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, पुरुष एका खोलीत आणि बायका दुसऱ्या खोलीत जमतात. मंत्र नाही, मूर्ती नाही, ध्यानाचे आसन नाही, उपदेश नाही. नुसते उभे राहायचे आणि आतून जे उमटेल ते उमटू द्यायचे. कुणी हसतो, कुणी रडतो, कुणी गातो, कुणी गप्प उभा राहतो. याला ते ‘लातिहान’ म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ सराव, तालीम.

१९५७ मध्ये जॉन बेनेट नावाच्या एका इंग्रजाने या पाक सुबुहांना लंडनजवळच्या कूम्ब स्प्रिंग्ज या आपल्या केंद्रात बोलावले. त्याच सुमारास ईव्हा बार्टोक नावाच्या चित्रपट-नटीला तिथे आजारातून गुण आला अशा बातम्या वर्तमानपत्रांत झळकल्या आणि एकच झुंबड उडाली. १९५९ मध्ये तिथेच जागतिक संमेलन भरले. पुढे सत्तरच्या आसपास देशांत सुबुदच्या शाखा निघाल्या. माणसे मात्र सगळी मिळून काही हजारच. बेनेट स्वतः काही वर्षांनी त्यातून बाजूला झाले. सुबुह १९८७ मध्ये वारले.

आता तुम्ही म्हणाल, प्राध्यापक महाशय, जावा बेटाचे आम्हा वऱ्हाडकरांना काय? प्रश्न रास्त आहे. पण अगदी याच जातीची गोष्ट आपल्या महाराष्ट्रात, नगर जिल्ह्यातल्या अरणगावच्या शिवारात घडली आहे. आणि तिचे धागे आपल्या नागपूर-अमरावतीपर्यंत येऊन पोचले आहेत. ती गोष्ट मेहेरबाबांची.

आमच्या नांदगाव पेठेत पारावर कधी हा विषय निघाला, तर एक प्रश्न हटकून येतो. “येवढे गोरे लोक येतात, म्हंजे बाबात काईतरी असंनच ना, सर?” आणि लगेच दुसरा कुणी तरी म्हणतो, “काई नाई, पैशेवाल्याईचे चोचले हायेत.” ही दोन्ही मते मला सारखीच उतावळी वाटतात. गोऱ्या माणसाने डोके टेकवले म्हणून आपल्या संताचे मोल वाढत नाही. आणि गोऱ्या माणसाने टेकवले म्हणून ते कमीही होत नाही. मोल ठरवायचे तर आधी काय घडले ते नीट पाहावे लागेल.

मेरवान शेरियार इराणी यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९४ रोजी पुण्यात झाला. घर जरथुष्ट्री इराण्यांचे. वडील तरुणपणी फकिरासारखे भटकलेले. मुलगा पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकत होता, क्रिकेट खेळत होता, कविता करत होता. पुण्याच्या कँपात एका कडुनिंबाखाली हजरत बाबाजान नावाची एक अतिवृद्ध फकीर स्त्री बसत असे. १९१३ च्या मे महिन्यात तिने या पोराला सायकलवरून जाताना हाक मारली. पुढे काही महिन्यांनी तिने त्याच्या कपाळाचे चुंबन घेतले, आणि त्यानंतर मेरवानचे देहभान गेले. महिनोन् महिने त्याला झोप नव्हती, अन्नाची शुद्ध नव्हती. आईने डॉक्टर केले, औषधे केली. उपयोग झाला नाही.

पुढे तो उपासनी महाराजांकडे गेला. पहिल्याच भेटीत महाराजांनी त्याच्या कपाळावर दगड फेकून मारला असे सांगतात, आणि तोही नेमका बाबाजानने चुंबन घेतले त्याच जागी. नंतरची काही वर्षे महाराजांच्या सहवासात तो हळूहळू भानावर आला. शिर्डीचे साईबाबा, केडगावचे नारायण महाराज आणि आपल्या नागपूरचे ताजुद्दीन बाबा यांनाही मेहेरबाबा आपले गुरू मानत. एक स्त्री आणि चार पुरुष, दोन-तीन धर्मांचे. गुरुपरंपरा म्हटली की आपल्याला एका मठाची एक सरळ ओळ डोळ्यांसमोर येते. इथे ती ओळ पुण्याच्या छावणीपासून नागपूरपर्यंत इकडे-तिकडे पसरलेली आहे. मधल्या काळात मेरवान आपल्या वडिलांच्या ताडीच्या दुकानात बाटल्याही धूत होता, आणि गिऱ्हाइकांना कमी प्या म्हणून सांगत होता. असला दुकानदार पुणेकरांनी क्वचितच पाहिला असेल.

१९२३ मध्ये शिष्यमंडळीसह ते नगरहून दौंडकडे जाणाऱ्या रस्त्यावर अरणगावजवळ येऊन उतरले. पहिल्या महायुद्धात तिथे लष्कराची छावणी होती आणि तिच्या पडक्या इमारती उरल्या होत्या. त्या जागेला मेहेराबाद नाव पडले. लोक येऊ लागले. तिथे त्यांनी मुलांची फुकट शाळा काढली आणि दवाखाना उघडला. शाळेत सगळ्या जातींची मुले आली. अस्पृश्य म्हणून गावाबाहेर ठेवलेल्या घरांतली मुले बाबांनी स्वतःच्या हातांनी न्हाऊ घातली. कुष्ठरोग्यांचे पाय त्यांनी धुतले. हे १९२५-२६ सालचे आहे, मंडळी. त्या वेळी गावोगावच्या विहिरींवर काय चालले होते ते आपल्या आजोबांना विचारा. अर्थात शाळा फार दिवस टिकली नाही. वर्षा-दीड वर्षात बाबांनी सारे आवरले, पुढे पुन्हा दुसऱ्या स्वरूपात सुरू केले, पुन्हा बंद केले. कामे उभी करायची आणि मोडायची हा त्यांचा स्वभावच होता. शिक्षकमंडळींना हे पटणार नाही. मलाही पूर्ण पटत नाही. ज्या मुलाचा वर्ग अर्ध्यात बंद होतो, त्याला गुरूचे गूढ हेतू कोण समजावणार?

आणि १० जुलै १९२५ या दिवशी बाबांनी मौन धरले. त्याआधी शिष्यांना कल्पना दिली होती. थोडा काळ असेल, असे सर्वांना वाटले. ते मौन शेवटपर्यंत, म्हणजे जवळजवळ चव्वेचाळीस वर्षे राहिले.

इथून गोष्टीला वेगळेच वळण लागते. आरंभी ते लिहून सांगत. १९२७ च्या जानेवारीत लिहिणेही थांबवले. मग एक फळी आली. तिच्यावर इंग्रजी अक्षरे आणि आकडे रंगवलेले होते. बाबा त्यांवरून भराभर बोट फिरवीत आणि शेजारचा शिष्य शब्द वाचून दाखवी. ही फळी १९५४ च्या ऑक्टोबरपर्यंत चालली. त्यानंतर नुसत्या हातांच्या खुणा. त्या खुणा वाचण्यात एरच जेस्सावाला हे शिष्य सर्वांत तरबेज होते. त्यांचे कुटुंब नागपूरहून बाबांकडे आलेले.

या फळीचा मी पुष्कळ वेळा विचार केला आहे. अक्षरे इंग्रजी होती. त्यामुळे लंडनच्या बाईला ती फळी वाचता येत होती, आणि अरणगावच्या शेतकऱ्याला नव्हती. त्याच्यासाठी कुणी तरी ती मराठीत आणून द्यायचे. पण खुणा सुरू झाल्या, तेव्हा दोघेही एका पायरीवर आले. खूण लंडनच्या बाईलाही कळेना आणि शेतकऱ्यालाही कळेना. दोघांनाही एरचच्या तोंडाकडे पाहावे लागे. एरवी आपल्या संतांची वाणी सातासमुद्रापलीकडे जायची तर आधी भाषांतरकार हवा, आणि भाषांतरात निम्मा ओवीचा गोडवा सांडतो. बाबांकडे सांडायला ओवीच नव्हती. माझ्या मते त्यांची शिकवण दूरवर जाण्याचे हे एक मोठे कारण आहे. सुबुदचेही तेच. त्या अर्ध्या तासाच्या लातिहानात जावानीज भाषा लागत नाही, आणि इंग्रजीही लागत नाही.

अर्थात शब्द अजिबात नव्हते असे कुणी समजू नये. बाबांची इंग्रजी प्रवचने प्रसिद्ध आहेत. बाबांनी फळीवरून मुद्दे दिले आणि त्यांवरून प्रवचनांची मांडणी केली ती नागपूरचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक डॉ. चक्रधर देशमुख यांनी. म्हणजे अमेरिकेतला माणूस ज्या वाक्यांतून बाबांना समजून घेतो, ती वाक्ये पुष्कळ अंशी एका नागपुरी प्राध्यापकाच्या हातून घडलेली आहेत. आमच्या धंद्याला एवढा मान क्वचितच मिळतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले. या प्रवचनांत ‘संस्कार’ हा शब्द जसाच्या तसा इंग्रजीत आला आहे. आपण ‘मुलावर चांगले संस्कार करा’ असे म्हणतो, तो हा अर्थ नव्हे. प्रत्येक अनुभव मनावर ठसा ठेवतो. चांगला असो की वाईट, ठसा म्हटला की बंधन आले. ते सारे ठसे पुसले जाणे म्हणजे मुक्ती. योगशास्त्रातला हा जुना अर्थ. १९५५ साली न्यूयॉर्कहून ‘गॉड स्पीक्स’ हे त्यांचे मोठे पुस्तक निघाले. त्यात वेदान्ताचे आणि सूफी पंथाचे शब्द शेजारी शेजारी बसले आहेत.

आता पश्चिमेकडे वळू. १९३१ च्या सप्टेंबरात बाबा ‘राजपुताना’ बोटीने विलायतेला निघाले. त्याच बोटीवर गोलमेज परिषदेला जाणारे गांधीजी होते. बोटीवर दोघांची भेट झाली. एक मौनी, आणि दुसरा आठवड्यातून एक दिवस मौन पाळणारा! इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यातल्या एका आश्रमात ते उतरले, आणि तिथे भेटलेल्या काही इंग्रज स्त्रिया जन्मभरासाठी त्यांच्या झाल्या. त्यांत मार्गारेट क्रास्क या बॅले नृत्याच्या नामांकित शिक्षिका होत्या. किटी डेव्ही या संगीत शिकवणाऱ्या बाई १९३७ मध्ये हिंदुस्थानात आल्या आणि पंधरा वर्षे इथेच राहिल्या. उन्हाळ्यातले नगर, पाण्याची टंचाई, विंचू-साप, साधे जेवण, आणि वर बाबांचे कडक नियम. हे सारे त्या बायकांनी सोसले. याला पैसेवाल्यांचे चोचले म्हणणाऱ्याने एक वैशाख मेहेराबादच्या टेकडीवर काढून पाहावा.

सारेच काही भाळले नाहीत. पॉल ब्रंटन नावाचा इंग्रज लेखक बाबांकडे राहून गेला आणि निराश होऊन परतला. १९३४ च्या आपल्या पुस्तकात त्याने बाबांविषयी कडवट लिहिले, आणि रमण महर्षींपुढे मात्र नतमस्तक झाला. विरोधकाचे हे पुस्तक जगभर खपले. बाबांच्या लोकांनी त्याला उत्तरे दिली, ते चालायचेच.

पण खरी कसोटी त्याआधी दोन वर्षे लागली होती. १९३२ मध्ये बाबा अमेरिकेत हॉलिवूडला गेले. चित्रपटसृष्टीची राणी मेरी पिकफर्ड आणि तिचा नवरा डग्लस फेअरबँक्स यांच्या बंगल्यावर त्यांचा सत्कार झाला. आणि जाहीर झाले की १३ जुलै १९३२ रोजी हॉलिवूड बोल या प्रचंड उघड्या नाट्यगृहात बाबा मौन सोडतील आणि त्यांचा शब्द रेडिओवरून देशभर ऐकू जाईल. तारीख ठरली. वर्तमानपत्रांनी गाजावाजा केला. बाबा मधल्या काळात पॅसिफिक महासागर ओलांडून चीनकडे गेले, आणि ऐन वेळी तार आली की कार्यक्रम रद्द.

विचार करा. आपल्या गावात कीर्तनकाराची तारीख चुकली तरी मंडप घालणाऱ्याची किती शोभा होते. इथे साऱ्या अमेरिकेसमोर झाली. काही माणसे गेली ती कायमची गेली. पण काही राहिली, आणि जी राहिली त्यांच्यावरच पुढचे सगळे उभे आहे. एलिझाबेथ पॅटरसन आणि नोरीना मॅचाबेली या बायका त्यांतल्याच. त्यांनी पुढे अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात समुद्रकाठी, मर्टल बीच इथे, सुमारे पाचशे एकर रानात बाबांचे केंद्र उभारले. १९५२ मध्ये बाबा तिथे प्रथम गेले. तिथून मोटारीने पश्चिमेकडे जाताना २४ मे रोजी ओक्लाहोमा राज्यात प्राग या गावाजवळ भीषण अपघात झाला आणि बाबांचे हात-पाय मोडले. पुढे १९५६ मध्ये साताऱ्याजवळ दुसरा अपघात झाला. त्यानंतर ते नीट चालू शकले नाहीत. ऑस्ट्रेलियातही फ्रान्सिस ब्रेबझन या कवीच्या पुढाकाराने क्वीन्सलंड प्रांतात एक टेकडी बाबांच्या नावे झाली, आणि १९५८ मध्ये बाबा तिथे जाऊन आले.

मौन सोडण्याचा विषय मात्र सुटला नाही. आज सोडीन, उद्या सोडीन, आणि सोडीन तेव्हा जगात उलथापालथ होईल, असे ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. १९५४ मध्ये त्यांनी स्वतःला उघडपणे अवतार म्हणून जाहीर केले, तेव्हाही हेच.

त्या १९५४ सालचीच एक हकिकत आपल्या अमरावती जिल्ह्याच्या अभिमानाची आहे. सप्टेंबरात नगरच्या वाडिया पार्कवर बाबांच्या दर्शनाचा मोठा सोहळा झाला. पश्चिमेकडच्या काही पुरुष अनुयायांनाही त्या महिन्यात बाबांनी मुद्दाम बोलावून घेतले होते. त्या सोहळ्याला आपले गाडगेबाबा आले. आणि त्यांच्याच आग्रहावरून ६ नोव्हेंबरला, ऐन कार्तिकीत, मेहेरबाबा पंढरपूरला गेले. हजारो वारकऱ्यांसमोर हे दोघे एका व्यासपीठावर आले. एकाचा जन्म शेंडगावच्या परिटाच्या घरचा, दुसऱ्याचा पुण्याच्या इराण्याच्या. एक आयुष्यभर बोलत राहिला, खडसावत राहिला, प्रश्न विचारून लोकांच्याच तोंडून उत्तरे काढत राहिला. दुसऱ्याच्या तोंडून एकोणतीस वर्षांत शब्द निघाला नव्हता. गाडगेबाबा स्वतः कुणाला पाया पडू देत नसत आणि चमत्कारांची टर उडवीत. अशा माणसाने अवतार म्हणवणाऱ्या माणसाला पंढरीत का आणले? मला वाटते, कुष्ठरोग्यांचे पाय धुणारे हात त्यांनी ओळखले असावेत. हा माझा तर्क आहे, पुराव्यादाखल मांडत नाही.

तुकडोजी महाराजांची गोष्ट इथे आठवणारच. आमच्या गावावरून नागपूरकडे निघाले की मोझरीचे गुरुकुंज लागते. महाराज १९५५ मध्ये जागतिक धर्मपरिषदेसाठी जपानला गेले आणि तिथे त्यांची खंजिरी वाजली. लोक भारावले. पण जपानात गुरुदेव सेवा मंडळाची गावे उभी राहिली नाहीत. महाराजांचे काम गावाशी, गावाच्या रस्त्याशी, संडासाशी, सामुदायिक प्रार्थनेशी बांधलेले होते. ते उचलून दुसरीकडे नेता येत नाही. यात कमीपणा काहीच नाही. काही बी वाऱ्याने दूर जाते, काही झाडाखालीच रुजते.

मौन हेच एकमेव कारण, असे मात्र मी म्हणणार नाही, कारण मुंबईचे निसर्गदत्त महाराज माझ्या तर्काला आडवे येतात. गिरगावाजवळच्या खेतवाडीतले हे विडीचे दुकानदार, आडनाव कांबळी. बोलत ते ठणठणीत मराठीत, कधी कधी चांगल्याच चढ्या आवाजात. मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या इंजिनियराने त्यांची संभाषणे इंग्रजीत आणली. ते पुस्तक १९७३ मध्ये निघाले आणि १९८१ मध्ये महाराज जाईपर्यंत त्यांच्या माळ्यावर परदेशी पाहुण्यांची रीघ लागली. तिथे शब्दच शब्द होते, आणि दुभाषी होता. तेव्हा या तिघांत, म्हणजे सुबुह, मेहेरबाबा आणि निसर्गदत्त यांच्यात, समान काय ते शोधावे लागते. तिघांनीही कुणाला धर्म बदलायला सांगितले नाही. ख्रिस्ती असशील तर ख्रिस्ती राहा, ज्यू असशील तर ज्यू राहा. संसार सोड असेही सरसकट सांगितले नाही. दोन महायुद्धांनी पश्चिमेकडच्या माणसाचा चर्चवरचा विश्वास हलला होता, पण दुसऱ्या कुणाच्या देवळात जाऊन नाव नोंदवायलाही त्याचे मन धजत नव्हते. त्याला अनुभव हवा होता, दाखला नको होता. तो या तिघांकडे मिळेल असे त्याला वाटले.

१९६० नंतर अमेरिकेत तरुणांची एक वेगळीच लाट आली. एल. एस. डी. नावाचे मादक रसायन घेऊन देव दिसतो असे ती पोरे सांगू लागली. त्यांच्यातले काही मास्तर नि विद्वानही तेच सांगत होते. आपल्याकडे काही बुवा अशा वेळी गिऱ्हाईक आले म्हणून गप्प बसले असते. मेहेरबाबांनी मात्र स्पष्ट बजावले की हे शरीराला, मनाला आणि आत्म्याला घातक आहे. १९६५ मध्ये एक अमेरिकन तरुण भटकत भटकत त्यांच्यापर्यंत पोचला, तेव्हा त्याला त्यांनी आश्रमात ठेवून घेतले नाही. परत जा आणि आपल्या मित्रांना हे सांग, असे म्हणून घरी धाडले. पुढच्या वर्षी याच विषयावर इंग्रजी पुस्तिका निघाली. किती पोरे त्यामुळे सावरली याची मोजदाद कोण करणार? पण त्या पिढीतल्या ज्यांनी पुढे आपली हकिकत सांगितली, त्यांतल्या अनेकांनी नशा सोडण्याचे श्रेय बाबांना दिले आहे. इंग्लंडचा प्रसिद्ध गायक-वादक पीट टाउनशेंड हाही त्याच काळात त्यांचा अनुयायी झाला, आणि १९७१ च्या आपल्या एका गाण्याच्या नावात त्याने बाबांचे नाव गुंफले. बाबांचे ‘चिंता करू नका, आनंदात राहा’ हे साधे वाक्य इंग्रजीत छापलेल्या चित्रांवरून घरोघर गेले होते. त्यावरून बॉबी मॅकफेरिन या अमेरिकन गायकाने १९८८ मध्ये गाणे केले आणि ते जगभर गाजले. आपली नातवंडे मोबाईलवर ते ऐकतात. ते अरणगावच्या शिवारातून निघाले आहे हे त्यांना कुणी सांगत नाही.

३१ जानेवारी १९६९ रोजी दुपारी सव्वाबाराला, नगरपासून थोड्या अंतरावर पिंपळगावजवळच्या मेहेराझाद येथे, बाबांनी देह ठेवला. मौन सुटले नव्हते.

इथे प्रश्न निकराचा होतो. ज्यांनी घरदार, नोकरी, देश सोडून एका शब्दाची वाट पाहिली, त्यांनी काय करावे? त्या वसंतात पुण्याच्या गुरुप्रसाद बंगल्यात पश्चिमेकडच्या अनुयायांना दर्शन देण्याचे आधीच ठरले होते. निमंत्रणे गेली होती, तिकिटे काढली होती. शिष्यांनी कळवले, ज्यांना यायचे असेल त्यांनी या. आणि १९६९ च्या एप्रिलपासून जूनपर्यंत शेकडो माणसे विमानाने आली. दिवाणखान्यात बाबांची खुर्ची रिकामी होती. पुष्कळांनी बाबांना जन्मात एकदाही पाहिलेले नव्हते. त्या खुर्चीसमोर ती माणसे रांगेने गेली, आणि आम्हाला भेट झाली असे म्हणून परतली.

अनुयायांचे उत्तर असे असते की मौन आत सुटले, शब्द कानांना ऐकू येणारा नव्हताच. काहीजण म्हणतात, परिणाम हळूहळू दिसेल. हे उत्तर माझ्या बुद्धीला पुरे वाटत नाही. तारखा कानांसाठीच दिल्या होत्या, रेडिओसाठी दिल्या होत्या. आतल्या शब्दाला नाट्यगृह लागत नाही. वर्गात मुलाने असे उत्तर दिले तर मी त्याला अर्धेच गुण देईन. पण दुसरीही बाजू मांडली पाहिजे. आश्वासन फसले म्हणून चळवळी विरून जातात असे आपण समजतो. ही विरली नाही. बाबा गेल्यानंतर आलेल्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांतले फारच थोडे मौनाच्या भाकितासाठी आले. ते आले त्या खुर्चीसाठी, त्या कुष्ठरोग्यांच्या हकिकतींसाठी, आणि एरचसारख्या म्हाताऱ्या शिष्यांच्या तोंडून गोष्टी ऐकण्यासाठी. एरच २००१ पर्यंत त्या सांगत राहिले.

आता अरणगावचे काय? बाबांनी १९५९ मध्ये विश्वस्तसंस्था करून ठेवली. ती तिथे शाळा चालवते, दवाखाना चालवते. जी शाळा बाबांच्या हयातीत उघडली नि मिटली, तिच्यापेक्षा ही अधिक टिकली आहे. परदेशी पाहुण्यांनी जे घरी नेले, ते प्रेम, प्रार्थना, प्रवचने. विहिरीवरचे पाणी, न्हाऊ घातलेली पोरे, मोडक्या छावणीतला दवाखाना, हे मात्र त्यांच्या पुस्तकांत हकिकत म्हणून उरले, आणि काम म्हणून ते इथेच राहिले. अरणगावकरांना कुठला भाग अधिक उपयोगी पडला हे मी त्यांना विचारीन, लंडनला विचारणार नाही.

कुणाला प्रत्यक्ष पाहायचे असेल तर रेल्वेने मनमाडमार्गे नगरला उतरावे. या जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. शहरातून अरणगाव जवळच आहे. ३१ जानेवारीला ‘अमरतिथी’ असते. त्या दिवशी फार गर्दी होते आणि दुपारी सारा समुदाय पाव तास गप्प बसतो. गर्दी नको असेल तर कुठल्याही महिन्याच्या १२ तारखेला संध्याकाळी जावे. त्या दिवशी तिथे धुनी पेटवतात. ही चाल १९२५ पासूनची. त्या साली पाऊस ओढला होता, अरणगावचे शेतकरी बाबांकडे आले, बाबांनी धुनी पेटवायला सांगितले आणि पाऊस आला, असे तिथले लोक सांगतात. पावसाचे मी काही म्हणत नाही. कोरडवाहू कपाशीवाल्याला या बाबतीत उपदेश करण्याचा मला अधिकार नाही. पण त्या धुनीत चंदनाची कांडी टाकायला जी रांग लागते, तिच्यात अरणगावची म्हातारी आणि ऑस्ट्रेलियाचा पाहुणा एकामागे एक उभे असतात, आणि दोघांनाही एकमेकांची भाषा येत नाही.

शिक्षकबंधूंसाठी एक शेवटचे. १० जुलैला त्यांचे अनुयायी जगभर दिवसभराचे मौन पाळतात. आपल्या शाळा त्या वेळी नुकत्याच सुरू झालेल्या असतात. सबंध दिवस नको, त्या दिवशी एक तास वर्ग निव्वळ खुणांनी आणि फळ्यावरच्या अक्षरांनी चालवून पाहा. तुमचे म्हणणे मुलांना किती कळले, आणि मागच्या बाकावरच्या पोराने तुमच्या खुणेचा काय अर्थ लावला, ते दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून लिहून घ्या. कागद जपून ठेवा.